रस्ता आखण्याआधी कोणाला विचारायचं?

प्रश्न : आमच्या शहरात बाजारपेठेतून जाणारा मुख्य रस्ता रुंद करून काँक्रीटचा करायचं ठरलं आहे. रस्त्यावर शाळा आहे, मंडई आहे, दोन्ही बाजूंना जुनी दुकानं आहेत. आम्ही काही रहिवासी आराखडा पाहायला गेलो, तर अभियंता साहेब म्हणाले, "लोकांना विचारत बसलो तर रस्ता कधीच होणार नाही. आधी होऊ दे, मग सूचना द्या." यात तथ्य आहे का? रस्ता हा तांत्रिक विषय. त्यात लोकांना आधी विचारून नेमकं काय साधतं?
– एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : तुमच्या अभियंता साहेबांची भीती निराधार नाही. प्रभागातली एक बैठक घेऊन पाहिलेल्या कोणालाही हा अनुभव असतो. प्रत्येकाला रस्ता रुंद हवा असतो, पण रुंदी समोरच्या बाजूनं घ्यावी असं वाटत असतं. कोणी रस्त्याऐवजी पाणी कमी येतं यावरच अर्धा तास बोलतो. तरीही साहेबांचा हिशेब अपुरा आहे, असं मला ठामपणे वाटतं. विचारण्यात गेलेले दिवस ते धरतात. न विचारल्यामुळे पुढे जो काळ वाया जातो, तो धरत नाहीत. तो किती असू शकतो हे वरळीला दिसलं.

मुंबईचा सागरी किनारा रस्ता म्हणजे कोस्टल रोड. प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून सागरी सेतूच्या वरळीच्या टोकापर्यंत १०.५८ किलोमीटरचा. काम २०१८ च्या अखेरीस सुरू झालं. वरळीच्या टोकाला हा रस्ता खांबांवरून सेतूला जाऊन मिळतो आणि ते खांब नेमके क्लीव्हलँड बंदराच्या वाटेत येतात. वरळी कोळीवाड्याच्या होड्या याच वाटेनं समुद्रात जातात आणि परततात. आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर धरलं होतं. होडीची रुंदी पाहिली तर कागदावर ही जागा ऐसपैस दिसते. पण होडी काही रुळावरून चालत नाही. वारा भरला, उधाणाचं पाणी आलं की ती आडवी सरकते. खांबाच्या आसपास पाण्याची ओढ बदलते. वादळाची चाहूल लागली की होड्या एकामागून एक घाईनं परततात, त्याच वेळी एखादी बाहेर पडत असते. इंजिन बंद पडलं तर सावरायला बाजूला मोकळं पाणी लागतं. कोळ्यांनी २०० मीटर अंतर मागितलं. प्रशासनानं आपल्या तज्ज्ञांच्या आधारानं ६० पुरेसं असल्याचं सांगितलं. मग कोळी होड्या घेऊन समुद्रात उतरले, त्या टोकाचं काम महिनोन् महिने रखडलं. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये मधला एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. म्हणजे काम सुरू झाल्यावर चार वर्षांनी, पायाभरणीची यंत्रं समुद्रात असताना आराखडा बदलला. खर्चही वाढला आणि मुदतही.

यातून कोळ्यांचा हट्ट जिंकला असा अर्थ मी काढत नाही. त्यांना २०० मीटर मिळालेच नाहीत. पण त्या बंदरातलं पाणी कोणत्या महिन्यात कुठल्या बाजूला ओढतं, हे नाखव्याला रोजच्या अनुभवानं ठाऊक असतं. ते ऐकून, नोंदवून, मापून पाहायची योग्य वेळ खांबांच्या जागा कागदावर ठरवण्याआधीची होती. तेव्हा एक खांब पुसायला खोडरबर पुरलं असतं.

दुसरं उदाहरण तुमच्या भागातलं, म्हणून तुम्हाला माहीत असेलच. कोल्हापूरचा एकात्मिक रस्ते प्रकल्प. शहरातले जवळपास ५० किलोमीटर रस्ते, सुमारे २२० कोटींचा खर्च, 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' ही पद्धत आणि तीस वर्षांचा टोल. करार २००८ मध्ये झाला. आपल्याच शहरात शिरताना टोल द्यावा लागणार, तोही एक पिढी उलटेपर्यंत, याचा खरा अर्थ बहुतेक कोल्हापूरकरांना कळला तो नाके उभे राहू लागल्यावर. मग मोर्चे निघाले. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखे ज्येष्ठ नेते रस्त्यावर उतरले आणि सगळे पक्ष एका कृती समितीत आले. टोल ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू झाला, जानेवारी २०१४ मध्ये नाके जाळले गेले आणि २०१५ संपता संपता सरकारला टोल रद्द झाल्याचं जाहीर करावं लागलं. रस्ते बांधणाऱ्या कंपनीचे पैसे भागवण्याचा भार मग सरकारवर आला. या आंदोलनात टोलइतकीच चीड रस्त्यांच्या कामाबद्दलही होती. जमिनीखालच्या वाहिन्या न हलवता वर रस्ता केला, अशी तक्रार लोक सुरुवातीपासून करत होते. करारावर सही होण्याआधी 'रस्ते हवेत का' याबरोबर 'ते या किमतीला हवेत का' हा प्रश्न शहरापुढे मांडला असता, तर उत्तर तेव्हाच मिळालं असतं.

आता 'आधी' म्हणजे नेमकं कधी? सरकारी रस्त्याच्या कामाचा क्रम साधारण ठरलेला असतो. पाहणी, प्रकल्प अहवाल, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, भूमिपूजन. आपल्याकडे बहुतेकांना रस्त्याची पहिली बातमी भूमिपूजनाच्या फलकावरून कळते, म्हणजे अगदी शेवटच्या पायरीवर. कार्यादेश निघाल्यावर एखादी नाली डावीकडून उजवीकडे नेणंही ठेकेदाराच्या लेखी 'एक्स्ट्रा आयटम' होतं. त्याचा दर ठरवायचा, वरून मंजुरी घ्यायची, तोवर यंत्रं उभी आणि रस्ता उकरलेला. विचारायचं ते पाहणी चालू असताना, फार तर तांत्रिक मान्यतेपूर्वी. त्यानंतरच्या बैठकीत उरतं ते समजूत काढणं.

आणि विचारायचं कोणाला? इथे मला सगळ्यात आधी आठवतो तो चावीवाला. पाण्याचे व्हॉल्व्ह रोज पहाटे उघडणारा आणि बंद करणारा पालिकेचा कर्मचारी. जुन्या पेठेत जमिनीखाली काय काय आहे याचा पुरा नकाशा सहसा कोणाकडेच नसतो. एक मोठी पाण्याची लाइन, तिच्यावरून गेलेली नवी लाइन, बंद करून टाकलेली पण न काढलेली तिसरी, ड्रेनेजचे चेंबर, महावितरणच्या केबल, टेलिफोनच्या केबल, वर कुठूनतरी आलेलं इंटरनेटचं जाळं. चावीवाला मात्र पानपट्टीच्या पायरीपासून दोन पावलांवर बोट ठेवून सांगतो की खाली व्हॉल्व्ह आहे, मागच्या डांबरीकरणात गाडला गेला, तेव्हापासून गळतो आहे. असा माणूस निवृत्त झाला की ती माहितीही त्याच्याबरोबर जाते. रस्ता आखणाऱ्यानं त्याला सोबत घेऊन पेठ एकदा पायी फिरावी आणि तो दाखवेल तिथे हातानं खड्डे घेऊन खात्री करावी. डांबराचा रस्ता फोडून पुन्हा ठिगळ लावता येतं, काँक्रीटचा फोडला तर अख्खा तुकडा काढून नव्यानं ओतावा लागतो. त्यामुळे तुमच्या रस्त्याच्या बाबतीत हे काम दुप्पट महत्त्वाचं.

पालिकेतली इतर खाती आणि बाहेरच्या कंपन्या हीसुद्धा संबंधित मंडळीच असतात. आपण लोकसहभाग म्हटलं की नागरिकांचाच विचार करतो, पण रस्ता झाल्यावर महिनाभरात तो खोदतं कोण? बहुधा पालिकेचंच दुसरं खातं. बंगळुरूमध्ये 'टेंडर शुअर' नावानं मध्यवर्ती भागातले काही रस्ते केले तेव्हा आधी खालच्या सगळ्या वाहिन्यांचा शोध घेतला, त्या शिस्तीत पदपथाखाली घेतल्या आणि दुरुस्तीसाठी ठरावीक अंतरावर चेंबर दिले, म्हणजे रस्त्याला हात न लावता काम करता यावं. रस्त्यांचं रूपडं पालटलं त्याचं कौतुक झालं. मला कौतुक आहे ते सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बसवण्याचं.

मग त्या रस्त्यावर राहणारी माणसं. काँक्रीटीकरणात रस्त्याची उंची वाढली तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी कोणाच्या उंबऱ्यातून आत शिरेल, हे तळमजल्यावर राहणाऱ्या बाईइतकं कोणाला कळणार? तिला विचारलं तर ती भिंतीवरची ओल दाखवते, मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते हातानं दाखवते. सर्वेक्षणाच्या यंत्रानं घेतलेल्या पातळ्या अचूक असतात, पण कुठल्या बोळातलं पाणी कुठल्या गटारात उतरतं आणि ते गटार कुठे तुंबतं, हे ते यंत्र सांगत नाही. दुसरी बाब तारखांची. काँक्रीटला पुरती ताकद यायला साधारण २८ दिवस लागतात, तेवढा काळ त्या तुकड्यावरून वाहन नेता येत नाही. हे २८ दिवस दिवाळीत आले की लग्नसराईत, शाळा सुरू होतानाच्या जूनमध्ये आले की गावच्या जत्रेत, यावर दुकानदाराचा वर्षाचा धंदा ठरतो. हे विचारायला एक पैसा लागत नाही.

रस्त्यावरून वर्षातून एकदाच जाणाऱ्यांचाही विचार करावा लागतो. २०२१ मध्ये पुण्यात संभाजी पुलावरून, म्हणजेच लकडी पुलावरून, जाणाऱ्या मेट्रोच्या कामाला गणेश मंडळांनी हरकत घेतली. या पुलावरून विसर्जन मिरवणुकीचे रथ जातात, वरच्या मेट्रो पुलाखालून ते जाणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. काम काही महिने अडलं. रथांची उंची कमी करावी की पुलाची वाढवावी यावर माझं मत इथे महत्त्वाचं नाही. पण मिरवणूक त्या वाटेनं जाते हे पुण्यात लपून राहिलेलं नव्हतं. हा वाद खांब उभे राहण्याआधी, नकाशा समोर ठेवून मिटवता आला असता.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. विचारणं म्हणजे प्रत्येकाला नकाराधिकार देणं नव्हे. निर्णय पालिकेनंच घ्यायचा आहे, आणि काही जणांना तो आवडणार नाही. रस्ता व्हायचाच आहे, त्याची किमान रुंदी ठरलेली आहे, पण नाली कुठे, झाडं कशी वाचवायची, पार्किंग किती, काम कुठून सुरू करायचं हे अजून खुलं आहे, असं पहिल्याच दिवशी सांगितलं की बैठक भरकटत नाही. आणि ज्यांची सूचना मानली नाही त्यांना लेखी कारण द्यावं. माणूस 'नाही' हे उत्तर पचवतो. उत्तरच न मिळणं त्याला जिव्हारी लागतं.

प्रश्न : पण कायद्यानं हरकती-सूचना मागवाव्याच लागतात ना? मग वेगळं काय हवं?

उत्तर : लागतात, आणि हा हक्क लहान नाही. विकास आराखड्यातल्या रस्त्यांवर १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार हरकती घेता येतात. महापालिका कायद्याच्या कलम २१० खाली रस्त्याची रेषा ठरवतानाही जाहीर सूचना द्यावी लागते. झाडं तोडायची असतील तर १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, त्यातही हरकतीला मुदत असते. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यानुसार नेमायच्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य खुद्द पथविक्रेते असायला हवेत.

अडचण ही की हरकत मागवली जाते तेव्हा आराखडा तयार झालेला असतो. वर्तमानपत्रात बारीक अक्षरात सर्व्हे नंबर छापून येतात, आपलं घर त्यात आहे हे ओळखायलाच वकील लागतो. मुंबईचा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा काय झालं ते आठवा. उभ्या इमारतींमधून रस्ते गेलेले, अस्तित्वात असलेल्या वास्तूंच्या जागी भलतीच आरक्षणं. हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये सरकारनं तो दुरुस्त करायला परत पाठवला. सुधारित आराखडा २०१६ मध्ये आला, मंजुरी मिळाली २०१८ मध्ये. ज्या चुका त्या गल्लीत राहणाऱ्या शाळकरी मुलालाही दिसल्या असत्या, त्या निस्तरण्यात एवढ्या मोठ्या शहराचा बहुमोल काळ गेला. हरकतींची यंत्रणा चूक सापडल्यावर कामाला येते. चूक होऊच नये म्हणून आखणाऱ्यानं आधी गल्लीत जायला हवं.

आणखी एक गंभीर बाब. मार्च २०२२ मध्ये मुदती संपल्यावर पुण्या-मुंबईसह राज्यातल्या कित्येक पालिकांमध्ये निवडणुकाच झाल्या नाहीत, वर्षानुवर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. अवाढव्य रकमांची रस्त्यांची कामं त्याच काळात मंजूर झाली. नगरसेवकाच्या कामाबद्दल कितीही तक्रारी असोत, त्याच्या दारात जाऊन भांडता येतं. तेही दार बंद असताना अधिकाऱ्यांनी स्वतःहून लोकांत जाण्याची जबाबदारी वाढते, आणि ती पाळली गेल्याचं मला फार कमी ठिकाणी दिसलं.

प्रश्न : आमच्या पेठेतले व्यापारी पदपथ रुंद करायलाच विरोध करतात. गाड्या उभ्या राहिल्या नाहीत तर गिऱ्हाईक येणार नाही म्हणतात. त्यांची समजूत कशी घालायची?

उत्तर : समजूत घालू नका, करून दाखवा. चेन्नईच्या पाँडी बाजारात पादचाऱ्यांना प्राधान्य देणारा रस्ता करायचं ठरलं तेव्हा व्यापाऱ्यांना हीच धास्ती होती. तिथे आधी तात्पुरते अडथळे लावून चाचणी घेतली, लोकांना मोकळ्या रस्त्यावर फिरू दिलं. पक्का रस्ता नोव्हेंबर २०१९ मध्ये खुला झाला. पुण्यात औंधमध्येही २०१६ मध्ये अशी चाचणी झाली होती. प्लास्टिकचे बॅरिकेड, रंगाचे पट्टे, कुंड्या एवढ्यावर आठवडाभर नवी रचना उभी करता येते. त्या आठवड्यात दुकानदारानंच गल्ल्यावर बसून मोजावं, गिऱ्हाईक गाडीतून किती आलं आणि चालत किती. जिथे चाचणी फसते तिथेही फायदाच. टेम्पोला माल उतरवायला जागा नाही, रिक्षा थांबा चुकीच्या बाजूला आहे, अग्निशमनाची गाडी वळत नाही, हे सगळं कुंड्या हलवून सुधारता येतं. दगड बसवल्यावर नाही.

व्यापाऱ्यांचं एक गाऱ्हाणं मात्र खरं असतं. मालाच्या गाड्यांसाठी ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा आराखड्यात बहुधा नसतेच. ती दिली तर निम्मा विरोध मावळतो, असं माझं निरीक्षण आहे.

प्रश्न : मग आता आम्ही नेमकं काय करावं?

उत्तर : तुमच्या रस्त्याची निविदा अजून निघालेली नसेल तर हाच आठवडा मोलाचा आहे. पालिकेच्या बांधकाम विभागात लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. आराखड्याबरोबर रस्त्याचा आडवा छेद मागा, कारण पदपथ किती, नाली कुठे, रस्त्याची नवी उंची किती हे त्यातच कळतं. दिला नाही तर माहितीचा अधिकार आहे. छेदात पदपथाची मोकळी रुंदी पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार ती किमान १.८ मीटर हवी, बाजारपेठेत २.५ मीटर. विजेचा डीपी, झाडाचा पार, दुकानाची पायरी यांनी खाल्लेली जागा त्यात धरायची नाही. टेप घेऊन मोजा आणि मोजमाप अर्जात लिहा. 'रस्ता सुरक्षित असावा' असं मोघम लिहिलेला अर्ज कोणी उघडत नाही. 'शाळा सुटताना मुलं याच चौकात रस्ता ओलांडतात, इथे दुभाजकात वाट ठेवा' असं फोटो जोडून लिहिलं तर अभियंत्यालाही आपल्या वरिष्ठांपुढे धरायला काहीतरी हाती लागतं.

आणि बैठक घेतलीत तर संध्याकाळी सातला समाजमंदिरात घेऊन थांबू नका. तिथे दुकानदार आणि निवृत्त पुरुष येतात. भाजी विकणाऱ्या बाया त्या वेळी गिऱ्हाइकांत असतात, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या घरी परतून चूल पेटवत असतात, रोज बसनं जाणारी पोरं वाटेत असतात. दुपारी दोनच्या सुमारास मंडईत गिऱ्हाईक ओसरतं, तेव्हा नकाशा घेऊन तिथेच जा. रस्त्याचं काम चालू असताना भाजीवाल्या कुठे बसणार आणि झाल्यावर परत कुठे, एवढे दोन प्रश्न विचारा आणि उत्तरं त्यांच्यासमोर लिहून घ्या. शक्य असेल तर अभियंता साहेबांनाही बरोबर न्या. त्यांना कोणी आजवर तिथे बोलावलं नसेल, असंही होऊ शकतं.